इस्रायल-पॅलेस्टाइन शांतता करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धविराम झाला म्हणजे शांतता झालीच ना?

नाही. युद्धविरामात गोळीबार थांबतो, मूळ तंटा जागच्या जागी राहतो. गाझात २००९, २०१२, २०१४ आणि २०२१ मध्ये एकेका लढाईनंतर तोफा थंडावल्या, पण सीमा कुठली, जेरुसलेम कोणाचं, निर्वासितांचं काय, यातल्या एकाही प्रश्नाला कोणी हात घातला नाही. वाटाघाटींतून तोडगा म्हणजे याच प्रश्नांवर दोन्ही बाजूंनी सही केलेला करार. त्यात शेवटी असंही लिहून द्यायचं असतं की यापुढे आमची एकमेकांवर कुठलीही मागणी उरलेली नाही. हे वाक्य इस्रायलला फार हवं असतं. आणि ते लिहून देण्याआधी पॅलेस्टिनींना आपला देश डोळ्यांनी दिसायला हवा असतो.

वाद नेमका कोणत्या जमिनीचा?

२९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनची ज्यू आणि अरब अशा दोन देशांत फाळणी करायचा ठराव केला. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी नाकारला. पुढच्या युद्धानंतर १९४९ मध्ये शस्त्रसंधीची रेषा आखली गेली. तिलाच 'ग्रीन लाइन' म्हणतात. रेषेपलीकडे वेस्ट बँक जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे गेलं. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने हे दोन्ही भाग, पूर्व जेरुसलेमसकट, जिंकून घेतले.

आज 'पॅलेस्टिनी राष्ट्र' म्हटलं की हीच १९६७ साली गेलेली जमीन अभिप्रेत असते. मूळ पॅलेस्टाइनच्या सुमारे २२ टक्के. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटरची, म्हणजे बृहन्मुंबईहून लहान, आणि वेस्ट बँक साधारण सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडी मोठी. वाटाघाटीत पॅलेस्टिनी अडून का बसतात, असं विचारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यांच्या हिशेबाने ७८ टक्के त्यांनी आधीच सोडलेत.

ओस्लो करारात काय ठरलं होतं?

जानेवारी १९९३ पासून नॉर्वेत गुप्त बोलणी चालू होती. सुरुवातीला इस्रायलकडून दोन प्राध्यापक आणि पीएलओकडून (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना) अहमद कुरेई. सरकारला गरज पडली तर 'आमचा काही संबंध नाही' म्हणता यावं म्हणून प्राध्यापक. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सह्या झाल्या. इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे प्रमुख अराफत यांचं हस्तांदोलन सगळ्या जगाने पाहिलं. प्रत्यक्ष सह्या मात्र इस्रायलचे परराष्ट्रमंत्री शिमोन पेरेस आणि पीएलओचे महमूद अब्बास यांच्या होत्या.

त्याआधी चार दिवस दोन पत्रांची देवाणघेवाण झाली होती. अराफत यांनी लिहून दिलं की इस्रायलचा शांततेत अस्तित्वात राहण्याचा हक्क आम्हाला मान्य आहे. इस्रायलने लिहिलं की पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा. एकाने देश मान्य केला, दुसऱ्याने संघटना.

करार पाच वर्षांचा आणि हंगामी होता. त्या काळात पॅलेस्टिनी प्राधिकरण नावाचं मर्यादित सरकार चालेल आणि सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (१९६७ साली जिंकलेल्या भागातल्या इस्रायली वस्त्या) व सुरक्षा या पाच अवघड विषयांवर ४ मे १९९९ पर्यंत अंतिम करार होईल, असं ठरलं. ती तारीख आली आणि गेली. प्राधिकरण आजही तसंच हंगामी आहे.

अ, ब, क क्षेत्रं हा काय प्रकार आहे?

सप्टेंबर १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात वेस्ट बँकचे तीन प्रकार केले. 'अ' मध्ये मुलकी कारभार आणि पोलिस दोन्ही पॅलेस्टिनींचे; सुमारे १८ टक्के. 'ब' मध्ये कारभार त्यांचा, सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा. सुमारे २२ टक्के. उरलेलं ६० टक्के 'क', तिथे सगळं इस्रायलकडे.

नुसत्या टक्केवारीतून चित्र कळत नाही. नकाशावर अ आणि ब हे दीडशेहून जास्त सुटे ठिपके आहेत आणि त्यांच्या भोवती, मधून, सगळीकडे 'क'. शाळा 'ब' मध्ये पण तिच्याकडे जाणारा रस्ता 'क' मध्ये, असं सर्रास असतं. 'क' मध्ये घरावर मजला चढवायचा तरी परवाना इस्रायली लष्कराच्या नागरी प्रशासनाकडून घ्यावा लागतो, आणि तो क्वचितच मिळतो. विनापरवाना बांधलं तर बुलडोझर.

पैशाचंही तसंच. १९९४ च्या पॅरिस आर्थिक करारानुसार पॅलेस्टिनी भागात जाणाऱ्या मालावरचा आयातकर आणि व्हॅट इस्रायल वसूल करतो, तीन टक्के हाताळणी कापतो आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला देतो. प्राधिकरणाच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाच. राजकीय वाद पेटला की ही रक्कम अडकते आणि प्राधिकरणाचं मुख्यालय असलेल्या रामल्लातल्या शिक्षकाच्या हातात अर्धामुर्धा पगार पडतो. २०२१ च्या अखेरीपासून तिथल्या सरकारी नोकरांना पूर्ण पगार असा मिळालेलाच नाही. ही सगळी व्यवस्था पाच वर्षांपुरती होती, हे पुन्हा सांगायला हवं.

मग ओस्लो फसला कशामुळे?

दोन्हीकडच्या माथेफिरूंमुळे, हे सोपं उत्तर. त्यात तथ्य आहेच. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलपासून हमास या इस्लामी सशस्त्र संघटनेने इस्रायलमध्ये आत्मघाती स्फोट सुरू केले. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमध्ये शांतता सभेनंतर राबिन यांचा खून झाला, आणि मारेकरी यिगाल आमिर ज्यू होता. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बसमध्ये एकामागून एक स्फोट झाले आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत राबिन यांच्या जागी आलेले पेरेस एका टक्क्याहून कमी फरकाने हरले. जिंकले बेन्यामिन नेतन्याहू.

पण माथेफिरूंना एवढी संधी का मिळाली? माझ्या मते खोट कराराच्या रचनेत होती. कुठे पोहोचायचं ते लिहिलंच नव्हतं. १९९३ च्या मसुद्यात 'पॅलेस्टिनी राष्ट्र' हे शब्द कुठेही नाहीत आणि वसाहती थांबवण्याचं कलमही नाही. राबिन यांनी खुनाच्या महिनाभर आधी नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, सांगितलं होतं की पॅलेस्टिनींना मिळेल ते पूर्ण राष्ट्राहून कमी असेल. त्याच वेळी अराफत आपल्या लोकांना राष्ट्र उंबरठ्यावर आलंय असं सांगत होते. म्हणजे एकाच कागदाचे दोन अर्थ. आधी विश्वास वाढू द्या, अवघड विषय मागाहून, अशी योजना होती. झालं उलटं. शेवट उघडा असल्यामुळे मधला प्रत्येक दिवस दोन्हीकडच्या विरोधकांना वापरता आला. एकाने टेकडीवर घरं वाढवली, दुसऱ्याने बसमध्ये बाँब ठेवला, आणि दोघांचंही साधलं.

म्हणून यापुढे कधी करार झालाच, तर अंतिम सीमा पहिल्या पानावर आणि टप्पे नंतर, हाच क्रम असायला हवा. उलट क्रमाने भिजत घोंगडं पडतं.

२००० साली सगळं ताटात वाढलं होतं आणि अराफत यांनी नाकारलं, हे खरं ना?

अर्धं. जुलै २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक आणि अराफत यांना घेऊन अमेरिकी अध्यक्ष क्लिंटन दोन आठवडे बसले. बराक आधीच्या कुठल्याही इस्रायली पंतप्रधानापेक्षा पुढे गेले, हे निर्विवाद. पण त्यांनी स्वतःच्या सहीचा प्रस्ताव किंवा नकाशा समोर ठेवला नाही. सगळं अमेरिकनांच्या तोंडून येत होतं. आणि अराफत यांनी उलट प्रस्ताव दिलाच नाही. त्यांना दोष द्यायचा तर तो या गोष्टीसाठी द्यावा.

सप्टेंबरअखेर इस्रायलचे विरोधी पक्षनेते एरिअल शेरॉन जेरुसलेममधल्या अल-अक्सा मशिदीच्या आवारात गेले आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, भडकला. तरीही २३ डिसेंबर २००० ला क्लिंटन यांनी दोन्ही बाजूंना आपली सूत्रं वाचून दाखवली. वेस्ट बँकचा ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाइनला, बदल्यात थोड्या जमिनीची अदलाबदल. जेरुसलेममध्ये अरब वस्त्या पॅलेस्टाइनकडे, ज्यू वस्त्या इस्रायलकडे. निर्वासितांचं पुनर्वसन मुख्यतः नव्या राष्ट्रात. दोघांनीही 'हो, पण' असं उत्तर दिलं. इस्रायलचे आक्षेप सूत्रांच्या चौकटीत बसतात, अराफत यांचे बसत नाहीत, असं अमेरिकनांचं मत पडलं. जानेवारी २००१ मध्ये इजिप्तमधल्या ताबा या गावी दोन्ही शिष्टमंडळं खरोखरच जवळ आली होती. पण क्लिंटन यांची मुदत संपली होती आणि बराक यांची निवडणूक दहा-बारा दिवसांवर होती. ६ फेब्रुवारीला शेरॉन जिंकले.

पुन्हा एवढं जवळ कधी आले?

एकदा. सप्टेंबर २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी आता पॅलेस्टिनी अध्यक्ष झालेल्या महमूद अब्बास यांना नकाशा दाखवला. सुमारे ६ टक्के वेस्ट बँक इस्रायल ठेवणार, जवळपास तेवढीच जमीन आपल्या हद्दीतून देणार; आणि जेरुसलेमचा पवित्र भाग सौदी अरेबिया, जॉर्डन, अमेरिका, इस्रायल व पॅलेस्टाइन अशा पाच देशांच्या देखरेखीखाली. नकाशा घरी नेऊन अभ्यासायला मात्र दिला नाही. अब्बास यांनी परत आल्यावर आठवणीने तो कागदावर रेखाटून काढला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशांमुळे पद सोडण्याच्या बेतात होते. जाणाऱ्या माणसाच्या शब्दावर सही कशी करायची, असं अब्बास यांच्या गोटात म्हणत होते. बोलणी तिथेच थांबली.

वसाहती हा एवढा कळीचा मुद्दा का?

कारण वाटाघाटी ज्या जमिनीच्या, तीच रोज बदलते आहे. ओस्लोच्या वेळी वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, लाखभराच्या आसपास इस्रायली वसाहतवाले होते. आता ५ लाखांहून जास्त आहेत, आणि पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांवर. सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१६ च्या २३३४ व्या ठरावात या वसाहती बेकायदा म्हटल्या आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जुलै २०२४ च्या मतात तेच सांगितलं. इस्रायल हे मानत नाही.

यातले बरेच जण ग्रीन लाइनला लागून असलेल्या मोठ्या वसाहतींत राहतात, म्हणून अदलाबदलीचं गणित अजून कागदावर सुटतं. अडचण आतल्या डोंगररांगांवर पसरलेल्यांची आहे. त्यांना उठवावं लागेल. २००५ मध्ये गाझातून आठ-नऊ हजारांना हलवायला इस्रायलचं सगळं लष्कर आणि पोलिस कामाला लागले होते. इथे ती संख्या लाखाच्या वर जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेम आणि माले अदुमिम ही मोठी वसाहत यांच्या मधल्या 'ई-वन' पट्ट्यात सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. तिथे बांधकाम झालं तर वेस्ट बँकचा उत्तर आणि दक्षिण भाग जोडणं फार अवघड होईल. दोन दशकांहून जास्त काळ तो प्रकल्प जगाच्या दबावाने अडून होता.

जेरुसलेम वाटता येईल?

शहर येईल. वस्त्या बऱ्यापैकी वेगळ्या आहेत. घोडं अडतं ते जुन्या शहरातल्या, चौरस किलोमीटरभरही नसलेल्या भागात, आणि त्यातही सुमारे ३५ एकरांच्या एका चौथऱ्यावर. ज्यूंसाठी ते दोन्ही प्राचीन मंदिरांचं स्थान, मुस्लिमांसाठी अल-अक्सा आणि घुमटाची वास्तू. सध्या आतला कारभार जॉर्डनशी संलग्न वक्फकडे आहे आणि बाहेरची सुरक्षा इस्रायलकडे. इतर धर्मीयांनी यावं पण प्रार्थना करू नये, ही जुनी रीत अलीकडे सैल होत चालली आहे. मालकी कोणाचीच नाही किंवा देवाची, असेही प्रस्ताव आले होते. रोजचा कारभार चालतो, मालकीचा शब्द आला की बोलणी मोडतात.

निर्वासित परत येणार का?

१९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी परागंदा झाले. त्यांचे वंशज धरून आज संयुक्त राष्ट्रांच्या 'उनर्वा' संस्थेकडे ५९ लाखांच्या आसपास नोंदी आहेत. महासभेचा डिसेंबर १९४८ चा १९४ वा ठराव परतीचा हक्क सांगतो. इस्रायलचं म्हणणं, एवढे लोक आले तर आम्ही ज्यू बहुसंख्य देश उरणारच नाही. आणि अरब देशांतून आम्हीही लाखो ज्यू सामावून घेतलेच की.

वाटाघाटी करणाऱ्या पॅलेस्टिनींना हे खासगीत कळतं. मोजक्यांना इस्रायलमध्ये प्रवेश, बाकीच्यांना नव्या राष्ट्रात किंवा आहे तिथे नागरिकत्व, आणि सर्वांना भरपाई, हाच आराखडा पुन्हा पुन्हा येतो. २००२ च्या अरब शांतता प्रस्तावातही 'न्याय्य आणि उभयमान्य' तोडगा असा सावध शब्द आहे. लेबनॉनच्या छावणीत घराची जुनी किल्ली जपून ठेवलेल्या कुटुंबाला हे जाहीरपणे सांगायची हिंमत मात्र कोणी केली नाही. माझ्या मते पॅलेस्टिनी नेतृत्वाची ही सगळ्यात मोठी चुकवाचुकव.

गाझा सोडून दिलं तर रॉकेटं आली. मग वेस्ट बँक का सोडायची?

इस्रायलमध्ये हा सर्वांत जास्त पटणारा युक्तिवाद आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त एक तपशील त्यातून गळतो. २००५ ची माघार एकतर्फी होती. शेरॉन यांनी अब्बास यांच्याशी करार केला नाही, ताबा कोणाकडे, सरहद्दीवर कोण, काहीच आधी बांधून घेतलं नाही. त्यामुळे 'आमच्या बंदुकांनी पळवलं' असं म्हणायला हमास मोकळी राहिली. जानेवारी २००६ ची निवडणूक तिने जिंकली आणि जून २००७ मध्ये अब्बास यांच्या फताह पक्षाला गाझातून हुसकावलं. १९६७ मध्येच इजिप्तकडून जिंकलेल्या सायनायमधली माघार मात्र इजिप्तशी कराराने झाली, टप्प्याटप्प्याने, आंतरराष्ट्रीय निरीक्षक बसवून. १९८२ मध्ये ती पूर्ण झाली आणि ती सीमा टिकली आहे.

अब्राहम करारांनी प्रश्न सुटला नाही का?

२०२० चे ते करार संयुक्त अरब अमिरात आणि बहारीनशी होते, पुढे मोरोक्कोही आला. त्यांचं इस्रायलशी युद्ध नव्हतंच. पॅलेस्टिनींना वळसा घालून जाता येतं ही कल्पना ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याने मोडली.

७ ऑक्टोबरनंतर आता काय स्थिती आहे?

हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या इस्रायली मोहिमेत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून जास्त माणसं मेली. १० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प यांच्या २० कलमी योजनेनुसार युद्धविराम लागू झाला आणि १३ तारखेला हयात असलेले शेवटचे २० ओलीस सुटले. इस्रायली सैन्य 'पिवळ्या रेषे'मागे गेलं, तरी निम्म्याहून थोडं जास्त गाझा त्याच्याच ताब्यात राहिलं. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने २८०३ व्या ठरावाने योजनेला मान्यता दिली. रशिया आणि चीन तटस्थ राहिले.

योजनेत पॅलेस्टिनी राष्ट्राचा उल्लेख आहे. पण कसा? प्राधिकरणात सुधारणा झाल्या, पुनर्बांधणी पुढे सरकली, तर राष्ट्राकडे जाणारा मार्ग तयार होऊ शकेल, असा. पुन्हा टप्पे आधी आणि शेवट धूसर.

दोन राष्ट्रं जमत नसतील तर एकच का नको?

जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र या पट्ट्यात आज ज्यू आणि पॅलेस्टिनी जवळपास सारख्याच संख्येने, प्रत्येकी सत्तर लाखांहून जास्त आहेत. सर्वांना समान मत दिलं तर ज्यू राष्ट्र राहत नाही. दिलं नाही तर लोकशाही राहत नाही. म्हणून एकराष्ट्र हा आदर्श म्हणून मांडला जातो, पण त्यावर वाटाघाटी करणारं सरकार कुठेच नाही. दोन देश, खुली सीमा आणि समाईक संस्था असा महासंघाचा विचार दोन्हीकडचे काही गट मांडतात. वसाहतवाल्यांनी पॅलेस्टाइनमध्ये रहिवासी म्हणून राहावं, नागरिक इस्रायलचे, ही त्यातली कल्पना मला तरी विचार करण्याजोगी वाटते.

भारत कोणत्या बाजूला?

१९४७ मध्ये भारताने फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं आणि संघराज्याचा पर्याय सुचवणाऱ्या देशांत तो होता. इस्रायलला मान्यता १९५० मध्ये दिली, पण पुढची चाळीस वर्षं इस्रायलची भारतातली कचेरी म्हणजे मुंबईतला वाणिज्य दूतावास एवढीच. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता, जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. शस्त्रखरेदी आणि शेतीतलं सहकार्य वाढलं तरी दोन राष्ट्रांची भूमिका कागदोपत्री कायम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महासभेत १४२ देशांनी द्विराष्ट्र तोडग्याच्या घोषणापत्राला पाठिंबा दिला, त्यात भारतही होता.

इस्रायलमधल्या मराठी ज्यूंचा यात संबंध येतो का?

नागरिक म्हणून येतो. कोकणातून गेलेले बेने इस्रायली अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद, रामला अशा गावांत वसले. अश्दोद आणि बीरशेबावर गाझातून रॉकेटं पडलेली आहेत. लोदमध्ये ज्यू आणि अरब शेजारी राहतात आणि मे २०२१ मध्ये तिथे दंगली पेटल्या होत्या. करार झाला किंवा मोडला, त्याची झळ अलिबागकडची आडनावं लावणाऱ्या घरांनाही लागते.

उद्या करार ठरलाच, तर सही कोण करणार?

इस्रायलमध्ये २०१४ च्या मूलभूत कायद्यानुसार, इस्रायली कायदा लागू असलेला भूभाग सोडायचा तर नेसेटच्या १२० पैकी ८० सदस्यांची मंजुरी लागते, नाहीतर सार्वमत. पूर्व जेरुसलेम आणि अदलाबदलीत द्यायची जमीन यातच मोडते. उरलेल्या वेस्ट बँकला तो लागू नाही. जुलै २०२४ मध्ये नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला, यावरून ८० चा आकडा किती लांब आहे ते कळेल.

पॅलेस्टिनींकडून करार करण्याचा अधिकार पीएलओचा, प्राधिकरणाचा नव्हे. हमास पीएलओत नाही. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, ते अजून पदावर आहेत. लोकप्रियतेत त्यांच्या पुढे असणारे फताहचे नेते मरवान बरघूती २००२ पासून इस्रायली तुरुंगात आहेत. संसदेची शेवटची निवडणूक २००६ ची. गाझातली जवळपास निम्मी लोकसंख्या त्यानंतर जन्मलेली आहे. युद्ध थांबल्यापासून वर्षभरात निवडणुका घेऊ, असं अब्बास यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यात पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशांना मतदान करू द्यायचं की नाही, हे इस्रायलच्या हातात आहे. २०२१ च्या जाहीर झालेल्या निवडणुका अब्बास यांनी नेमकं हेच कारण देऊन पुढे ढकलल्या होत्या.